पेटाऱ्यातली जुनी गोधडी: धुणे, सांधणे आणि अर्धवट राहिलेली पुरी करणे

गोव्यातल्या जुन्या घरात माळ्यावरचा पेटारा किंवा पत्र्याची ट्रंक उघडली की तळाशी बहुधा एखादी गोधडी निघते. वर लुगड्याचे तुकडे, खाली धोतर किंवा जुनी चादर, मध्ये घरातल्या विरलेल्या कपड्यांचे थर आणि या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारा धावदोरा, एवढीच तिची रचना असते. जाड आणि ओबडधोबड असली तर तिला वाकळ म्हणतात, लहान आणि मऊ असली तर ती बाळासाठी शिवलेली दुपटे-गोधडी असते. अशी गोधडी हाती लागल्यावर पहिला मोह होतो तो तिला बादलीत भिजत घालण्याचा, आणि नवशिक्यांच्या हातून होणारे बहुतेक नुकसान त्याच दिवशी होते.

कामाला लागण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा. ही गोधडी पुन्हा अंगावर घ्यायची आहे, की आहे तशी जपून ठेवायची आहे? वापरायची असेल तर ठिगळे लावणे, कडेला नवा गोट चढवणे, टाके नव्याने घालणे हे सगळे करता येते. जपायची असेल तर हात जितका कमी लागेल तितका बरा. दोन्ही वाटांना सारखाच लागू पडणारा नियम मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक सूचना त्यावरच उभी आहे: नवे कापड आणि नवा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असता कामा नये. ताण पडला की जे अशक्त असते ते तुटते. टाका अशक्त असला तर टाका तुटेल आणि तो पाच मिनिटांत पुन्हा घालता येईल; परंतु टाका दणकट आणि कापड जीर्ण असले तर तोच दोरा सुरीसारखा कापडात उतरतो.

पाहणी

थेट ऊन न पडणाऱ्या, पण भरपूर उजेडाच्या जागी, म्हणजे ओसरीवर किंवा बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या बसायच्या पडवीच्या, आतल्या बाजूला, स्वच्छ पांढरी चादर अंथरून तिच्यावर गोधडी पसरावी. दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. लांबी-रुंदी मोजून कागदावर तिचा साधा आराखडा काढावा आणि फाटलेले, विरलेले, डागाळलेले भाग त्यावर खुणेने दाखवावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, तरी पुढे दोन महिन्यांनी कोणते ठिगळ मूळचे आणि कोणते आपण लावलेले, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो.

कापडाचा जीव अजमावण्यासाठी ते दोन बोटांच्या चिमटीत धरून अगदी हलका ताण द्यावा. धागे सरकले किंवा चरचर जाणवली तर ती गोधडी पाण्यात घालण्याचा विचार सोडून द्यावा. काळ्या आणि गडद तपकिरी तुकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जुन्या काळी हे रंग पक्के करण्यासाठी लोहाचे क्षार वापरत आणि तेच क्षार पुढे कापडाला आतून खातात. म्हणून कित्येक गोधड्यांत आजूबाजूची लाल-पांढरी चौकट शाबूत असते आणि काळ्या फुलांच्या जागी फक्त भोके उरलेली असतात.

कापड कशाचे आहे ते कळत नसेल तर शिवणीच्या आतून एखादा सुटा धागा ओढून तो चिमट्याने धरून जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम आणि लोकर यांना जळक्या केसांचा वास येतो आणि बोटांनी चुरडता येणारा काळा गोळा राहतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एकाच गोधडीत हे तिन्ही सापडू शकतात, कारण शिवणाऱ्या बाईने दुकानातून कापड आणलेले नसते. घरात जे जुने झाले ते तिने वापरलेले असते.

येथे एक अपवाद सांगणे आवश्यक आहे. पोर्तुगीज भाषेत पलंगपोसाला ‘कोल्चा’ म्हणतात, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगाव परिसरात पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाने भरलेले कोल्चे तयार होत. इतकी जुनी वस्तू आपल्या घरात निघण्याचा संभव फार कमी. तरीही भरगच्च रेशमी भरतकाम असलेले किंवा जरीचे काही हाती आले, तर पुढे सांगितलेले काहीही करू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे; अशा ठिकाणच्या तज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा.

कोरडी सफाई

धूळ झटकण्यासाठी गोधडी दोरीवर टाकून काठीने बडवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. जुन्या गोधडीला ती सोसत नाही. त्याऐवजी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा भरतकामाच्या गोल फ्रेममध्ये ताणून गोधडीवर ठेवावा आणि व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत कमी ओढीवर लावून जाळीवरून हळूहळू फिरवावा. जाळीमुळे सुटे धागे आणि ठिगळांच्या कडा नळीत ओढल्या जात नाहीत. बुरशीचा वास येत असेल तर हे काम नाकातोंडावर मास्क लावून, घराबाहेर आणि कोरड्या दिवशीच करावे.

कसर लागल्याची शंका असेल तर लहान गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कापडावर दव जमून ते ओलसर होते.

धुणे

धुण्यापूर्वी प्रत्येक रंगाची वेगवेगळी परीक्षा घ्यावी. न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाकून त्यावर पांढरा सुती बोळा मिनिटभर दाबून धरावा. मग हीच कृती साबणाच्या पाण्याने करावी. बोळ्यावर रंग आला तर धुणे रद्द. लालाची परीक्षा दोनदा घ्यावी. आपल्याकडच्या गोधड्यांत कुणबी लुगड्याची लाल चौकडी वरचेवर भेटते आणि तिच्यातला एक लाल पन्नास धुण्यांनंतरही जागचा हलत नाही, तर शेजारच्या तुकड्यातला लाल पहिल्याच पाण्यात पांढऱ्यावर पसरतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात.

धुण्यासाठी डिसेंबर ते एप्रिल हे दिवस धरावेत. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी सुरू होईपर्यंत गोधडी धुऊन, वाळून, घडी होऊन आत गेलेली असावी. जाड वाकळ एका दिवसात पूर्ण वाळली नाही तर आतल्या थरांत बुरशी धरते आणि बाहेरून ती कोरडी लागत असल्याने ते कळतही नाही.

पाण्याचाही विचार करावा. गोव्याच्या जांभ्या जमिनीत लोह भरपूर आहे आणि काही विहिरींच्या पाण्यात ते उतरते. पांढऱ्या बादलीत पाणी रात्रभर ठेवावे; सकाळी तांबूस साय किंवा गाळ दिसला तर ते पाणी गोधडीला लावू नये. शेवटचे खळबळणे शक्य असेल तर गाळलेल्या मृदू पाण्यात करावे.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी घरातली एक वाकळ न्हाणीतल्या टबात भिजवली आणि अर्ध्या तासाने तिचे दोन कोपरे धरून ती वर उचलली. कोरडी असताना मी ती एका काखेत धरून आणली होती. पाणी प्यायल्यावर मात्र ती दोन्ही हातांना पेलेना आणि कोपरे कठड्यापर्यंत येण्याआधीच मध्यभागी हातभर लांबीचा फाटा गेला. आवाजसुद्धा झाला नाही; भिजलेले वर्तमानपत्र सुटावे तसे वरचे लुगडे अलगद दोन्हीकडे झाले आणि आतले करड्या रंगाचे धोतर दिसू लागले. तेव्हापासून पाण्यातल्या गोधडीला मी नुसत्या हाताने कधीही उचललेले नाही.

योग्य पद्धत अशी. अंगणात किंवा गच्चीवर चिऱ्यांचा आयताकृती कठडा मांडून त्यावर स्वच्छ ताडपत्री घालावी, म्हणजे वीतभर खोलीचा उथळ हौद तयार होतो. तळाशी गोधडीपेक्षा मोठी मजबूत जाळी अंथरावी आणि गोधडी तिच्यावर पसरावी. मग कोमट नव्हे, साधेच पाणी हळूहळू सोडावे. साबण सौम्य, रंगहीन, ब्लीच आणि चमक आणणारी द्रव्ये नसलेला असावा आणि तो आधी पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. रिठ्याचे पाणी रेशमाला आणि लोकरीला मानवते. पांढऱ्या सुतावर मात्र त्याची पिवळट झाक राहू शकते. वीस-पंचवीस मिनिटे भिजू द्यावे, घासू नये, पिळू नये, फक्त तळहाताने वरून दाबून सोडावे. घाण पाणी काढून टाकावे आणि पाणी नितळ दिसेपर्यंत, म्हणजे निदान चार-पाच वेळा, खळबळावे.

धुताना अचानक रंग सुटू लागला तर घाबरून गोधडी बाहेर काढू नये. ओल्या कापडावर पसरलेला रंग वाळला की बसतो. म्हणून पाणी सतत बदलत राहून तो पूर्ण वाहून जाऊ द्यावा, त्याला संध्याकाळ झाली तरी चालेल.

पाणी ओसरल्यावर चौघांनी जाळीचे चार कोपरे धरून गोधडी जाळीसकट उचलावी, जाड टॉवेलांच्या थरावर ठेवून पाणी टिपावे आणि सावलीत, वारा खालूनही खेळेल अशा रीतीने, बाजेवर किंवा उंच केलेल्या जाळीवर आडवी वाळवावी. दोरीवर टाकू नये. खळ तर अजिबात करू नये. पेजेच्या पाण्याची असो की विकतची, स्टार्च हेच कसरीचे आवडते खाणे.

डाग

सगळे डाग काढायचे नसतात. उशाकडच्या कडेला खोबरेल तेलाचा पिवळा पट्टा असतो, तो सौम्य साबणाने फिका होतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याने दचकू नये. उन्हाने तो उतरतो, परंतु उन्हाने आजूबाजूचा रंगही उतरतो, म्हणून वापरायच्या पांढऱ्या गोधडीवरच हा उपाय करावा. गंजाच्या डागावर क्लोरीनचे ब्लीच कधीही टाकू नये, कारण लोहाच्या सान्निध्यात ब्लीच कापड आणखी वेगाने कुजवते. आणि काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग असेल, तर त्याच्याशी झुंजणे सोडून द्यावे. तो कपड्याबरोबरच जातो, हे गोव्यात लहान मुलालाही ठाऊक असते.

फाटलेले सांधणे

ठिगळासाठी जुने, मऊ, अनेकदा धुतलेले सुती कापड वापरावे. घरातले विरत आलेले धोतर किंवा मलमलीची ओढणी यांच्याइतके चांगले कापड दुकानात मिळत नाही. नवेच घ्यावे लागले तर ते गरम पाण्यात दोनदा धुऊन आटवून घ्यावे, नाहीतर पुढच्या धुण्यात ठिगळ आटते आणि भोवतीच्या जुन्या कापडाला सुरकुत्या पडतात. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्या प्रयत्नांनंतर कुणबी लुगड्याचे नवे विणकाम पुन्हा मिळू लागले आहे आणि जुन्या लाल चौकडीला जोड म्हणून तेच लावण्याचा मोह होतो. ते कापड सुरेख आहे. ठिगळ म्हणून मात्र ते जड आणि दणकट पडते.

दोरा सुती आणि बारीक घ्यावा, ५० किंवा ६० नंबरचा. पॉलिएस्टरचा दोरा वापरू नये. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. ९ किंवा १० नंबरची सुई या कामाला योग्य.

ठिगळ शक्यतो खालून लावावे. फाट्याच्या आसपासचे धावदोऱ्याचे टाके गरजेपुरते उसवून, आधाराचे कापड वरच्या थराखाली सरकवावे आणि ते फाट्याच्या सर्व बाजूंनी निदान इंचभर बाहेर, म्हणजे अजून जीव असलेल्या कापडापर्यंत, पोहोचेल एवढे ठेवावे. ठिगळाचा उभा धागा मूळ कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळला पाहिजे. तिरपे लावलेले ठिगळ पहिल्या ताणातच ओढ घेते. मग फाट्याच्या सुट्या धाग्यांना बोटाने जागेवर बसवून, त्यांच्यावर आडवा दोरा अंथरून तो छोट्या टाक्यांनी बांधत जावे. दोरा घट्ट ओढू नये. शेवटी उसवलेला धावदोरा जुन्याच भोकांतून पुन्हा घालावा, कारण जीर्ण कापडात नवे भोक म्हणजे नवा फाटा.

जेथे कापडाचा भुगा होऊ लागला आहे, तेथे टाका धरणारच नाही. अशा भागावर जुळत्या रंगात रंगवलेली पातळ नायलॉनची जाळी पसरून ती फक्त कडेच्या मजबूत भागात टाचावी. खालचा नक्षीचा तुकडा जाळीतून दिसत राहतो. वापरायच्या गोधडीत त्याच जागी वरून पूर्ण ठिगळ लावले तरी हरकत नाही. आपल्या आज्याही तेच करत असत आणि काही वाकळांत ठिगळावर ठिगळ असे तीन-तीन थर सापडतात. जुने ठिगळ मूळ नाही म्हणून काढून टाकू नये.

अर्धवट राहिलेली गोधडी पुरी करणे

मला सर्वांत आवडणारे काम हेच आहे. काही वर्षांपूर्वी डिचोलीकडच्या एका घरातून माझ्याकडे अशी गोधडी आली, जिच्या शेवटच्या टाक्यात सुई तशीच अडकलेली होती. सुई गंजून कापडाला चिकटली होती आणि भोवती तांबूस ठिपका उमटला होता. अशी सुई ओढू नये. लहान पक्कडीने तिचे टोक धरून, स्वतःभोवती ती अगदी थोडी इकडेतिकडे फिरवली की गंजाची पकड सुटते. मग ज्या दिशेने ती टोचली होती त्याच दिशेने सरळ बाहेर काढावी.

सुई निघाल्यावर मी टाके वाचायला बसलो. इंचाला चार टाके, दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर, आणि प्रत्येक दोऱ्याची सुरुवातीची गाठ डाव्या टोकाला. उजव्या हाताने शिवणारी बाई धावदोरा उजवीकडून डावीकडे घालत जाते, म्हणजे तिची गाठ उजवीकडे असायला हवी. त्या घरच्या वृद्ध काकींना विचारले, “घरात डावखुरे कोणी होते का हो?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मोठी जाऊबाई. पण तिला जेवताना उजवाच हात वापरायला लावायचे.”

अर्धवट गोधडी हाती घेताना हेच आधी पाहावे: टाक्याची लांबी, ओळींमधले अंतर, शिवण्याची दिशा आणि काम बाहेरून आत जात होते की आतून बाहेर. उत्तर कन्नडमधील हल्याळ-येल्लापूर भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया शिवतात ती कवंडी नावाची गोधडी नेहमी कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे येते आणि तिच्या कोपऱ्यांत घडी घातलेले त्रिकोणी तुकडे असतात, ज्यांना फूल म्हणतात. सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, त्यामुळे अशी एखादी कवंडी इकडच्या घरात आली तर नवल नाही. ती पुरी करताना मध्यातून सुरुवात केली तर कापडाला फुगा येतो, आणि कोपऱ्यातली फुले निरुपयोगी समजून कापली तर तिची ओळखच जाते.

कधीकधी फक्त वरचा थर, म्हणजे जोडलेले तुकडे, तेवढेच सापडतात. खाली अस्तर नसते. अशा वेळी प्रथम सगळ्या जोडशिवणी तपासून सुटलेल्या पुन्हा शिवाव्यात आणि मागच्या बाजूचे लोंबणारे गडद धागे कापावेत, कारण फिक्या कापडातून ते रेघांसारखे दिसतात. वर स्वच्छ कापड ठेवून हलकी इस्त्री करावी. अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी तीन इंच मोठे घ्यावे. मधल्या थरासाठी गोव्याच्या हवेत एक-दोन विरलेली लुगडी पुरेशी होतात. परदेशी पद्धतीच्या गोधड्यांत कापसाचा पेळ, म्हणजे पिंजलेल्या कापसाचा थर, असतो. जुन्या पेळाला दर दोनेक इंचांवर टाका नसेल तर धुतल्यावर त्याचे गोळे होतात, म्हणून अशा गोधडीचे टाके सुटलेले असतील तर ते धुण्याआधीच घालून घ्यावेत.

तिन्ही थर एकमेकांवर ताण न देता पसरून, मध्यापासून कडेकडे, दर चार इंचांवर लांब कच्चे टाके घालावेत. कच्चे टाके घालायला दोन दिवस लागले तरी चालतील, पण ते टाळू नयेत. हात सरकेल तसे थर सरकतात आणि शेवटी एका कोपऱ्यात अस्तर अपुरे पडते. पक्के टाके मूळ बाईच्या टाक्याइतकेच लांब घालावेत. तिचा टाका इंचाला चार असेल तर आपले कौशल्य दाखवण्यासाठी दहा घालू नयेत. दोरा मात्र किंचित वेगळ्या छटेचा घ्यावा, म्हणजे तिचे काम कोठे संपले आणि आपले कोठे सुरू झाले ते जवळून पाहणाऱ्याला दिसते.

कडेचा गोट

गोधडी सर्वांत आधी कडेला झिजते. जुना गोट उसवू नये; त्यावरूनच नवा चढवावा. सरळ कडेसाठी सरळ पट्टी पुरते, गोलाईसाठी तिरपी कापावी. दोन इंच रुंदीची पट्टी दुहेरी करून एका बाजूने शिवावी, उलटवावी आणि दुसरी बाजू हाताने हेमिंग करून बसवावी. मागच्या एका कोपऱ्यात सुती पट्टीवर दोऱ्याने वर्ष, शिवणारीचे नाव माहीत असल्यास ते, आणि आपण काय केले ते दोन शब्दांत भरून ठेवावे.

ठेवण

गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये आणि उघड्या लाकडाला थेट टेकू देऊ नये. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, शक्य असेल तर गुंडाळी करून ठेवावी. घडीच घालायची असेल तर घडीच्या मोडीत मऊ कापडाची वळकटी भरावी. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवावा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती बहुतेक वेळ त्याहून पुष्कळ वर असते. म्हणून त्या चार महिन्यांत गोधडी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या बंद कपाटात न ठेवता घरातल्या हवेशीर फळीवर ठेवावी. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आटोपून स्वच्छ ऊन पडू लागले की ती उघडून सावलीत दिवसभर पसरावी, मागच्या वेळच्या आराखड्याशी ताडून पाहावी आणि परत ठेवताना घडी पूर्वीच्या मोडीवर न घालता चार बोटे सरकवून घालावी.